हप्ता बसतोय, मग घर का बसत नाही? सांगलीतल्या एका घरखरेदीचं प्रकरण

जून २०२५ मध्ये ती माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या हातात एका बिल्डरचं माहितीपत्रक होतं. त्यावर पेनाने गोल केलेला आकडा होता, २७ लाख. "ताई, एवढंच सांगा, हे आम्हाला झेपंल का?"

मी सांगलीत कर्जप्रकरणांची आणि आयकराची कागदपत्रं करून देते. हा प्रश्न मला सतत विचारला जातो आणि जवळपास प्रत्येक वेळी विचारणाऱ्याच्या मनात हिशेब एकच असतो, महिन्याचा हप्ता पगारात बसतो की नाही. या कुटुंबाचा हप्ता पहिल्याच दिवशी बसत होता. तरी घर हातात यायला पाच महिने गेले आणि जे घर आलं ते माहितीपत्रकातलं नव्हतं. मधल्या काळात काय काय घडलं, ते त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं देत नाही. आकडे त्यांच्या फाइलमधले आहेत, थोडे सरळ केलेले.

नवरा ३६ वर्षांचा, कुपवाड एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर. हातात येतात ३१,००० रुपये. ती एका खाजगी शाळेत, पगार १२,०००. दोघांचे मिळून ४३,०००, म्हणजे वर्षाला ५ लाख १६ हजार. दोन मुलं. विश्रामबागेत दोन खोल्या, भाडं ७,५००. मोटारसायकलचा हप्ता २,६००. सासरे, म्हणजे आबा, कवठेमहांकाळकडच्या गावी असतात, एकरभर द्राक्षबाग आहे. साठवलेले पैसे म्हणजे बँकेतली ठेव, संपलेली भिशी आणि पीएफमधून काढता येतील ते, असे सगळे धरून ६ लाख १० हजार.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कुठल्याच फॉर्मवर येत नाही. २०२१ पर्यंत हे कुटुंब शामरावनगरात तळमजल्यावर भाड्याने राहत होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आठवडाभराने घरी परतले तेव्हा फ्रिज, शिलाई मशिन, गाद्या, मुलाची पुस्तकं, सगळं चिखलात होतं. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. त्यानंतर त्यांनी भाडं वाढलं तरी चालेल म्हणून विश्रामबाग गाठली. कागदपत्रांची पिशवी ती आजही माळ्यावरच ठेवते.

पहिला पर्याय माहितीपत्रकातला. कुपवाडच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ५६० चौरस फूट कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचा, फ्लॅट. प्रकल्प महारेरात, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणात, नोंदलेला होता, ती पहिली चांगली गोष्ट. किंमत त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या सव्वापाच पट. मुंबईत किंवा पुण्यात एवढ्या पगाराच्या माणसाने असा भागाकार केला तर उत्तर याहून बरंच मोठं येईल. सांगलीतली घरं स्वस्त आहेत असं जे म्हणतात, ते या भागाकारावरूनच.

बँकेने मात्र भागाकार वेगळा केला. त्या बँकेने उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते मिळून चालतील असं धरलं होतं. ४३,००० चे ४५ टक्के म्हणजे १९,३५०. त्यातून गाडीचे २,६०० गेले, उरले १६,७५०. व्याज ८ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर लाखाला ८३६ रुपये हप्ता पडतो. म्हणजे कर्ज मिळालं २० लाख. गाडीचा हप्ता नसता तर हेच कर्ज २३ लाखांच्या वर गेलं असतं. २,६०० रुपयांच्या हप्त्याने ३ लाखांचं कर्ज खाल्लं. हे मी तिच्या नवऱ्याला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. गाडी त्याने कामावर जायलाच घेतली होती, चैन म्हणून नव्हे.

जाहिरातीत "फक्त १० टक्के भरा" असं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, हे खरं आहे. पण ती कमाल मर्यादा झाली. मिळणारं कर्ज पगार ठरवतो. शिवाय १० लाखांच्या आतलं घर सोडलं, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी त्या किमतीत धरतच नाहीत, ती खिशातून भरायची. सांगली महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात १ टक्का सवलत, म्हणून ते तिच्या एकटीच्या नावावर घ्यायचं ठरलं. मुद्रांक १,३५,०००, नोंदणी २७,०००. सांगली महानगरात मोडत नाही, त्यामुळे ९० चौरस मीटर आणि ४५ लाखांच्या आतल्या घराला जीएसटी १ टक्का, म्हणजे २७,०००. पार्किंग, मीटर, सोसायटीची अनामत म्हणून बिल्डरने सांगितलेले १,१०,०००. हे झाले २,९९,०००. वर किंमत आणि कर्ज यातला फरक ७ लाख. हातातून जायची रक्कम ९ लाख ९९ हजार. त्यांच्याकडे होते ६ लाख १० हजार.

आणि ताबा दोन वर्षांनी. तोवर भाडं चालूच, २४ महिन्यांचे १,८०,०००. शिवाय जेवढं कर्ज उचललं जाईल तेवढ्याचं व्याज. माहितीपत्रक तिने घडी घालून पिशवीत ठेवलं.

दुसरा पर्याय आबांनी आणला. शामरावनगरातच, गुंठ्याची जागा, वर दोन खोल्यांचं पक्कं घर, १६ लाख. "फ्लॅटमधी आपलं काय असतंय? जमीन आपली पायजे," असं त्यांचं म्हणणं. यात चूक काहीच नाही. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पुढेमागे वर मजला चढवता येईल, मुलांची सोय होईल.

इथे सांगलीचा थोडा इतिहास सांगावा लागतो. शहराच्या कडेच्या काळ्या रानातल्या शेतजमिनी गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेल्या. अकृषक, म्हणजे शेतीऐवजी घरासाठी जमीन वापरायची, परवानगी नाही, मंजूर रेखांकन (लेआउट) नाही, मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार. घेणारे होते हमाल, कारखान्यातले कामगार, दुष्काळी तालुक्यांतून आलेली माणसं, ज्यांना मंजूर लेआउटमधला प्लॉट कधीच परवडला नसता. अशा वस्त्या राज्यभर झाल्या, म्हणून २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला. त्यात आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं धरली होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. कायदा आहे, पण प्रत्येक घरमालकाने शुल्क भरून प्रमाणपत्र घेतलंय असं नाही. या घराच्या मालकाने घेतलेलं नव्हतं.

प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर पहिल्या बँकेने फाइल उघडलीच नाही. एका गृहवित्त कंपनीने तयारी दाखवली. ११ लाख कर्ज, १३ टक्के व्याज, १५ वर्षं. हप्ता १३,९१८ रुपये. हा आकडा लक्षात ठेवा, कारण शेवटी त्यांनी जे साडेएकवीस लाखांचं घर घेतलं त्याचा हप्ता १३,८०१ आहे. १६ लाखांच्या घराला जास्त हप्ता आणि २१.५ लाखांच्या घराला कमी! मुदतीत पाच वर्षांचा फरक आहे, तो मान्य. म्हणून एकूण व्याजाचीही तुलना केली. ११ लाखांवर १५ वर्षांत साधारण १४ लाख ५ हजार व्याज, १६.५ लाखांवर २० वर्षांत साधारण १६ लाख ६२ हजार. साडेपाच लाख जास्त कर्ज घेऊनही व्याज फक्त अडीच लाखांनी वाढतं. कागद कच्चा असला की तो कच्चेपणा व्याजाच्या दरातून वसूल होतो, आणि तो नेमका त्यांच्याकडून वसूल होतो ज्यांच्याकडे आधीच कमी आहे. याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

पाण्याचा हिशेब त्याहून वाईट. पूररेषा दोन असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र, तिथे अटी पाळून बांधता येतं. कागदावर हे नीट आहे. पण सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे १६ वर्षांत तीन महापूर पाहिले आहेत आणि तिन्ही वेळा आयर्विनजवळचं पाणी ५० फुटांच्या वर होतं. २५ वर्षं आणि १०० वर्षं हे शब्द ऐकून माणसाला जो निर्धास्तपणा वाटतो, त्याला या शहरात आधार नाही. घराचा दर ठरवताना विकणारा आणि घेणारा, दोघंही हे जाणून असतात. म्हणून तर तो दर कमी. कमी दराची उरलेली रक्कम पुढे कधीतरी ऑगस्टमध्ये भरावी लागते, फ्रिज, गाद्या आणि बुडालेल्या पगाराच्या रूपाने.

आबांना हे मी सांगायला गेले नाही. तिनेच सांगितलं. "आबा, तुमचं खरंय जमिनीचं. पण मी परत त्या चिखलात हात घालणार नाही." विषय तिथे संपला.

तिसरा पर्याय मी दोन ओळींत संपवते. बुधगावच्या बाजूला दीड गुंठा, समाईक सातबारा, वर दहा-बारा नावं, व्यवहार नोटरीवर करू म्हणणारा एजंट. नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी मिळत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं.

ऑगस्टच्या अखेरीस वारणाली भागात चौदा वर्षांपूर्वीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दिसला. मालकाला मुलाकडे पुण्याला जायचं होतं. मागणी २३ लाख, ठरले २१.५ लाख. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, होतं, सोसायटी नोंदलेली होती, पूररेषेच्या नकाशावर तो गट लाल रेषेच्या बाहेर होता. तो नकाशा पाहायला दोघं नवरा-बायको स्वतः नगररचना विभागात गेले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, याचा मला आनंदच झाला. घर घेणाऱ्याने हा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

इथे हप्त्याचा प्रश्न नव्हताच. बँक २० लाख द्यायला तयार होती. पण बँकेच्या मूल्यांकनकाराने इमारतीचं वय धरून किंमत काढली १८ लाख ४० हजार. कर्ज त्याच्या ९० टक्के, म्हणजे १६.५ लाख. बाजार म्हणतो २१.५, बँक म्हणते १८.४. हा ३ लाख १० हजारांचा फरक कुठल्याच जाहिरातीत नसतो आणि जुन्या फ्लॅटच्या जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये मी तो पाहते. काही ठिकाणी यावर "थोडं रोखीत करू" असा तोडगा निघतो. मी तो कुणालाच करू देत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्याला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि शिवाय खरेदीखतावर किंमत कमी दिसली की कर्जही त्याच प्रमाणात कमी होतं.

मग हातातली रक्कम अशी लागली. किंमत आणि कर्जातला फरक ५ लाख. मुद्रांक तिच्या नावावर ५ टक्के, १,०७,५००. नोंदणी २१,५००. एजंटला १ टक्का, २१,५००. सोसायटीची हस्तांतर रक्कम २५,०००, महापालिका हद्दीत ती याहून जास्त घेता येत नाही. शोध अहवाल (मालकीचे जुने कागद तपासून वकील देतो तो), बँकेचं शुल्क, गहाणाचा मुद्रांक मिळून २२,०००. एकूण ६,९७,५००. घराच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश. दोघांच्या १६ महिन्यांच्या सगळ्या पगाराएवढे, त्यात एक कप चहासुद्धा न पिता. वर बाथरूमची गळती आणि वायरिंगसाठी १,२०,०००.

किंमत वार्षिक उत्पन्नाच्या चौपटीला थोडी वर. कोणत्याही मोजपट्टीने हे "परवडणारं घर". आणि तरी दोन लाख कमी.

प्रधानमंत्री आवास योजनेचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. शहरी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या कर्जांना, वार्षिक ९ लाखांपर्यंतच्या कुटुंबाला व्याज अनुदान आहे. घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. जुना फ्लॅटही चालतो. देशात कुठेही स्वतःचं पक्कं घर नको ही अट आहे. इथे आम्ही थोडक्यात वाचलो. गावचं घर अजून आबांच्या नावावर आहे आणि लग्न झालेला मुलगा, त्याची बायको आणि मुलं हे वेगळं कुटुंब धरतात. मागच्या वर्षी भाऊकीत वाटणीचा विषय निघाला होता. तेव्हा आबांच्या मुलांची नावं त्या घराला लागली असती तर अर्ज अडला असता.

याच संदर्भात मला एक आकडा नेहमी आठवतो. २०११ च्या जनगणनेत देशातली ८६.६ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात असं निघालं, शहरांत ६९.२ टक्के. आकडा मोठा वाटतो. पण गावाकडे चार भावांच्या सामाईक वाड्यात एका खोलीत संसार करणारा माणूसही त्यात "स्वतःच्या घरात" मोजला जातो, आणि त्याला नोकरीच्या गावी छप्पर लागतं तेव्हा त्या मालकीचा काही उपयोग नसतो.

अनुदान मंजूर झालं तरी ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात जमा होतं. ते चांगलंच आहे, २० वर्षांचं ओझं हलकं होतं. पण या कुटुंबाला पैसे हवे होते खरेदीखताच्या दिवशी. तसंच करसवलतीचं. गृहकर्जाने कर वाचतो हे त्याला कामावरच्या साहेबांनी सांगितलं होतं. साहेबांचा वाचत असेल. यांच्या उत्पन्नावर कर लागतच नाही, मग वाचणार काय? मुद्रांकातली १ टक्का सवलत मात्र त्याच दिवशी, तिथल्या तिथे मिळाली. २१,५०० रुपये. माझ्या मते सगळ्या सवलतींत या कुटुंबाच्या खऱ्या कामाची ही एकच. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट ठेवलं आहे. घरं बांधली जावीत, पण पहिलं घर घेणाऱ्या अल्प उत्पन्न गटाचं मुद्रांक शुल्क आणखी कमी केलं, किंवा ते कर्जात धरायला सगळ्या बँकांना मुभा दिली, तर माझ्या टेबलावरच्या निम्म्या अडलेल्या फाइली पुढे सरकतील असं मला कामाच्या अनुभवावरून वाटतं.

दोन लाख कसे भरले? आबांनी बेदाण्याच्या सौद्याचे ७५,००० दिले. जमिनीचा हट्ट सोडताना त्यांना जड गेलं होतं, पैसे देताना नाही. तिने पाटल्या ठेवून ८०,००० चं सोनेतारण कर्ज काढलं. दुरुस्ती १,२०,००० वरून ६५,००० वर आणली, वायरिंग केलं, फरशी राहू दिली. सगळं दिल्यावर खात्यात उरले अडीच हजार रुपये.

हे मला पटलेलं नव्हतं. निदान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, सहा महिने थांबा, असं मी दोनदा सांगितलं. तिचं उत्तर होतं, "थांबलो तर हा फ्लॅट जातो ताई, आणि पुढच्या वर्षी भाडं परत वाढतंय." मालक थांबणार नव्हता, हेही खरं होतं. नोव्हेंबरात खरेदीखत झालं. दुय्यम निबंधक कार्यालयातून बाहेर आल्यावर तिने स्वतःचं नाव असलेलं ते पहिलं पान दोनदा वाचलं.

आता महिन्याचं गणित असं. घराचा हप्ता १३,८०१, मेंटेनन्स १,२००, गाडीचा हप्ता २,६००. हातात उरतात २५,३९९, त्यातच शाळेची फी, सोनेतारणाचं व्याज आणि आबांचं औषधपाणी. भाड्याच्या घरात होते तेव्हा यापेक्षा साडेसात हजार जास्त उरत होते. व्याजदर बदलता आहे, अर्धा टक्का वर गेला तर हप्ता साधारण ५१७ रुपयांनी वाढेल. एवढं ते सोसतील. एका पगारात खंड पडला तर मात्र अवघड आहे, आणि कुपवाडच्या मशिन शॉपमध्ये ऑर्डरी कमी झाल्या की पहिल्यांदा ओव्हरटाइम जातो.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आणि महापालिकेच्या घरपट्टीला तिचं नाव लागायचं आहे, दोन्ही अर्ज दिले आहेत. आवास योजनेचा अर्ज बँकेमार्फत गेला आहे. गाडीचा हप्ता पुढच्या ऑक्टोबरात संपतो. त्या २,६०० रुपयांवरून दोघांत अजून एकमत नाही. त्याला ते घराच्या कर्जात जादा भरायचे आहेत, तिला आधी पाटल्या सोडवायच्या आहेत. माझं मत विचारलं तेव्हा मी पाटल्यांच्या बाजूने बोलले.